फेरपरीक्षेआधी एकच शोध: गेलेले गुण गेले कुठे?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. शाळेच्या अंतिम परीक्षेत गणितात १०० पैकी ४८ गुण पडले. पुढे जे शिकायचं आहे त्यासाठी निदान ६० हवेत. चार महिन्यांनी पुन्हा बसता येणार आहे. निकालानंतर काही दिवस काहीच सुचलं नाही, मग तू पुस्तक काढलंस आणि पहिल्या धड्यापासून सुरुवात केलीस. आता तिसऱ्या धड्यावर आहेस आणि वाटतंय की गेल्या वर्षी केलं तेच पुन्हा चाललंय. तू तीन गोष्टी विचारल्यास: पुन्हा बसू का, बसले तर अभ्यास कसा करू, आणि पुन्हा तेवढेच पडले तर?

मी २३ वर्षं गणित शिकवते आहे आणि त्यातली बरीच वर्षं फेरपरीक्षेला बसणाऱ्या मुलांबरोबर गेली. तिसऱ्या धड्यावर तुला जे वाटलं ते अगदी बरोबर आहे. पुस्तक मिटून ठेव.

पहिल्या धड्यापासून सुरुवात करणं हे कष्टाळू मुलांना हमखास सुचतं. सुरुवातीच्या काळात मीही मुलांना हेच सांगत असे, आणि त्यात त्यांचे महिने वाया गेले याचं मला आजही वाईट वाटतं. पुस्तकातले सुरुवातीचे धडे बहुतेक सोपे असतात आणि ते तुला येत असतात. उत्साहाचा सगळा काळ, जे आधीच येतं ते पुन्हा करण्यात जातो. अवघड भागापाशी पोहोचेपर्यंत दमछाक झालेली असते आणि परीक्षा दारात असते. म्हणजे मागच्या वर्षी जो भाग घाईत उरकला, तोच याही वर्षी घाईत उरकला जातो. तुझे ४८ गुण तुझ्याकडे आहेत, ते कोणी काढून घेतलेले नाहीत. आपल्याला कामाचे आहेत ते उरलेले ५२.

आधी बसायचं की नाही ते बघू. तुझ्या परीक्षा मंडळाचे नियम स्वतः वाच, ऐकीव माहितीवर राहू नकोस. दोन परीक्षांपैकी जास्त गुण धरतात की शेवटचे? दुसऱ्या प्रयत्नाची नोंद गुणपत्रिकेवर होते का? पुढचा प्रवेश देणारी संस्था फेरपरीक्षेचे गुण स्वीकारते का, आणि निकाल तिच्या मुदतीच्या आत लागतो का? मधल्या काळात अभ्यासक्रम किंवा प्रश्नपत्रिकेचं स्वरूप बदललं आहे का? शेवटच्या प्रश्नाकडे मुलं हटकून दुर्लक्ष करतात आणि जुन्या प्रश्नपत्रिकांवर भिस्त ठेवून फसतात. ४८ चे ६० करायचे म्हणजे १२ गुण हवेत. चार महिने हाताशी असताना ही उडी मोठी नाही, हे मी केवळ धीर द्यायला म्हणत नाही. मात्र चार महिन्यांत तुझ्यावर दुसऱ्या विषयांचं किंवा घरचं एवढं ओझं असेल की गणिताला रोज तासभरही मिळणार नाही, तर पुढच्या संधीपर्यंत थांबण्यात काही कमीपणा नाही. ६० ची अट पुढच्या अभ्यासक्रमाला खरोखरच आहे का, की ती फक्त कोणाच्या तरी तोंडून ऐकली आहे, हेही एकदा खात्री करून घे. अट नसेल आणि फक्त आकडा बोचत असेल, तर निर्णय वेगळा होऊ शकतो.

आता मुख्य काम. तुझी तपासलेली उत्तरपत्रिका किंवा तिची प्रत मिळत असेल तर आजच अर्ज कर. फेरतपासणीत गुण वाढोत न वाढोत, ती प्रत तुझ्या पुढच्या चार महिन्यांचं पाठ्यपुस्तक आहे. प्रत मिळत नसेल तर दुसरा रस्ता आहे. तीच प्रश्नपत्रिका घे, घड्याळ लाव आणि पूर्ण वेळ बसून पुन्हा सोडव. वेळ संपली की निळं पेन खाली ठेव आणि हिरवं उचल. आता हवा तेवढा वेळ घेऊन, पण पुस्तक न उघडता, जे राहिलं ते सोडव. मग लाल पेन घे आणि पुस्तक उघडून उरलेलं पूर्ण कर. निळं म्हणजे आज परीक्षेत जे जमेल ते. हिरवं म्हणजे येतं, पण वेळेत येत नाही. लाल म्हणजे येतच नाही. तीन रंगांचा तो कागद समोर ठेवला की 'माझं गणित कच्चं आहे' हे वाक्य आपोआप मागे पडतं, कारण आता नेमकं काय कच्चं आहे ते दिसत असतं.

त्यानंतर गेलेल्या प्रत्येक गुणाचा हिशेब मांड. पूर्ण प्रश्नाचा नको, एकेका गुणाचा. मी चार ढीग करायला लावते. प्रश्न कोराच सोडला. पद्धत किंवा कल्पनाच चुकली. पद्धत बरोबर, पण आकडेमोडीत किंवा चिन्हात चूक झाली. प्रश्न नीट वाचला नाही, किंवा उत्तर अर्धवट सोडलं. एका मुलाला ४६ गुण होते. त्याचं ठाम मत होतं की भूमिती येत नाही म्हणून आपण मागे पडलो. आम्ही दोघांनी बसून ५४ गुणांचा हिशेब केला: कोरे सोडलेले १९, कल्पना चुकलेली १६, चिन्ह आणि आकडेमोड ११, वाचनातली चूक किंवा अर्धवट उत्तर ८. यात भूमितीचे गुण फार थोडे होते. कोऱ्या १९ पैकी निम्म्याहून जास्त गुण शेवटच्या पानांवरच्या प्रश्नांचे होते, म्हणजे तो तिथवर पोहोचलाच नव्हता. सुट्टीभर तो भूमितीच करत बसला असता.

आता 'निष्काळजीपणाच्या चुका' या शब्दाबद्दल मला मनापासून काही सांगायचं आहे, कारण या शब्दाने मुलांचं फार नुकसान केलं आहे. मुलं म्हणतात, 'हे येतं मला, फक्त सिली मिस्टेक झाली.' पालकही म्हणतात, 'लक्ष देत नाही.' आणि विषय तिथेच संपतो. १९७८ मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी शाळकरी मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वरवर धांदरटपणा वाटणाऱ्या कितीतरी चुकांमागे त्यांना एक ठरलेला, पण चुकीचा नियम सापडला. ५२ मधून ३८ वजा करून एखादं मूल २६ लिहितं. त्याने हातचा घ्यायचा विसरला असं आपण म्हणतो. पण ते मूल प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत असतं: ८ मधून २ गेले ६, ५ मधून ३ गेले २. आपल्या नियमाशी ते अगदी प्रामाणिक असतं. त्याला 'लक्ष दे' म्हणून काहीही उपयोग नाही, कारण ते लक्ष देऊनच चुकतंय.

तुझ्या वयाच्या मुलांचं तसंच असतं, फक्त नियम बदलतात. ७ − २(क्ष − ३) या राशीतला कंस सोडवताना ७ − २क्ष − ६ असं लिहिणारी मुलगी एकदा चुकली तर ती घाई. चार ठिकाणी तेच लिहिलं असेल, तर कंसाबाहेरचं ऋण चिन्ह कंसातल्या दुसऱ्या पदालाही लागतं, हे तिच्या हातात बसलेलं नाही. बरोबर राशी ७ − २क्ष + ६, म्हणजे १३ − २क्ष. तसंच (क्ष + ५)² चं क्ष² + २५ करणं. क्ष² = ५क्ष मध्ये दोन्ही बाजूंना क्षने भागून फक्त क्ष = ५ लिहिणं आणि क्ष = ० हे दुसरं उत्तर हरवणं. −२क्ष > ६ मध्ये ऋण संख्येने भागताना चिन्ह न उलटवणं. उत्तर क्ष < −३ हवं. आणि २० टक्के वाढून २४० झालेली मूळ संख्या काढताना २४० चेच २० टक्के वजा करून १९२ लिहिणं. मूळ संख्या २०० आहे, कारण ते २० टक्के मूळ संख्येचे होते, वाढलेल्या संख्येचे नव्हेत. म्हणून तुझ्या तिसऱ्या ढिगातल्या चुका एकाखाली एक लिहून काढ. एकच चूक तीनदा दिसली की तिला दुसऱ्या ढिगात टाक. ती शिकायची गोष्ट आहे, नुसतं सावध राहून ती जाणार नाही.

यातल्या पुष्कळ चुका पकडायला एक साधी युक्ती पुरते: अक्षराच्या जागी लहानशी संख्या घालून बघ. क्ष = १ घेतलं तर (क्ष + ५)² म्हणजे ३६ आणि क्ष² + २५ म्हणजे २६. दोन्ही सारखे नाहीत, विषय मिटला. संख्या जुळल्या म्हणजे नियम सिद्ध झाला असं नाही, पण जुळल्या नाहीत तर तो नक्की चुकला आहे. अपूर्णांकांत अंदाज वापर. २/३ + १/४ चं उत्तर कोणी ३/७ लिहिलं, तर ते अर्ध्याहून कमी आहे, आणि आपण सुरुवातच अर्ध्याहून मोठ्या संख्येने केली होती. वर आणखी मिळवलं तर उत्तर घटेल कसं? छेद समान केले की ११/१२ येतं. अशी शंका स्वतःच्या उत्तराबद्दल घ्यायची सवय लागली की परीक्षेत गुण वाचतात. ही सवय मात्र रोजच्या वहीत लागते, ऐन वेळी येत नाही.

दुसऱ्या ढिगाबद्दल सर्वात महत्त्वाचं. चूक ज्या धड्यात दिसते, त्याच धड्यात तिचं मूळ असेलच असं नाही. एका मुलीने येऊन सांगितलं की तिला त्रिकोणमिती येत नाही. तिला काटकोन त्रिकोण दिला: ३०° च्या कोनासमोरची बाजू ५, कर्ण क्ष. साइन ३०° = ५/क्ष हे तिने बरोबर मांडलं. साइन ३०° म्हणजे १/२ हेही तिला पाठ होतं. आणि मग तिने उत्तर लिहिलं २.५. त्रिकोणमिती तिला चांगली येत होती. अडत होतं ते इतकंच, की अज्ञात संख्या छेदात असलेलं समीकरण सोडवता येत नव्हतं. १/२ = ५/क्ष यावरून क्ष = १० येतं, पण तिथे ती ५ ला २ ने भागत होती. हे दोन वर्षं मागचं काम होतं. आम्ही चार दिवस फक्त तसली समीकरणं केली आणि त्रिकोणमितीबरोबर समरूप त्रिकोण, वेग-अंतर-वेळ, प्रमाण, सगळं एकदम हललं. कर्ण ही काटकोन त्रिकोणातली सर्वात मोठी बाजू असते, मग ती समोरच्या ५ पेक्षा लहान कशी येईल, हे तिला नंतर स्वतःच दिसायला लागलं.

म्हणून प्रत्येक लाल उत्तराशी थांब आणि विचार: कोणत्या ओळीपर्यंत मला सगळं पटलेलं आहे? ज्या ओळीला पटणं थांबतं, तिथे लागणारं कौशल्य कोणतं आणि ते मी कोणत्या इयत्तेत शिकले? ते खालच्या इयत्तेतलं निघालं तर खालच्या इयत्तेचं पुस्तक काढ. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. माझ्या अनुभवात या वयाच्या बहुतेक अडचणी चार-पाच जागी येऊन थांबतात: अपूर्णांक, ऋण चिन्हं, गुणोत्तर-प्रमाण, समीकरणात एका बाजूचं पद दुसऱ्या बाजूला नेणं, आणि अवयव पाडणं. 'पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं' असं पाठ केलेली मुलं गुणाकारातलं पदही चिन्ह बदलून पलीकडे नेतात. ३क्ष = १२ वरून क्ष = १२ − ३ लिहिलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. 'दोन्ही बाजूंना एकच क्रिया केली' असं म्हणत सोडवायची सवय लाव. एक ओळ जास्त लिहावी लागेल, पण चूक होणार नाही.

कोऱ्या प्रश्नांचं लवकर सांगते. वेळ पुरला नाही म्हणून कोरे राहिले असतील तर ते हिरव्या रंगात दिसतील. त्यांना वेग हवा, आणि वेग मूलभूत क्रिया सहज होण्यातून येतो. सुचलंच नाही म्हणून कोरे असतील, तर यापुढे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही असं ठरव. आकृती काढ, दिलेली माहिती तिच्यावर लिही, काय काढायचं आहे ते लिही, लागू होईल असं वाटणारं सूत्र लिही. जिथे पायऱ्यांना गुण असतात तिथे याचेही गुण मिळू शकतात. शिवाय आकृती काढता काढता पुष्कळदा वाट सापडते.

आता सराव. तू लिहिलंस की सोडवलेली उदाहरणं वाचताना सगळं समजतं आणि परीक्षेत आठवत नाही. सोडवलेलं उदाहरण वाचताना पुढची ओळ डोळ्यांसमोर असते. 'आता काय करायचं' हा प्रश्न तुला पडतच नाही, आणि परीक्षेत नेमका तोच प्रश्न पडतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा २००६ चा एक प्रयोग यासाठी सांगण्याजोगा आहे. तो गणितावर नव्हता, वाचलेल्या उताऱ्यांवर होता. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के भाग आठवला, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. वाचून झाल्यावर 'आलं' असं वाटतं ते त्या पाच मिनिटांचं वाटणं असतं. परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

गणितात याचा अर्थ असा. सोडवलेलं उदाहरण एकदा नीट वाच, प्रत्येक ओळीला 'हे का?' विचार. मग पुस्तक मिटून तेच उदाहरण कोऱ्या कागदावर सोडव. अडलीस तर लगेच पुस्तक उघडू नकोस, निदान पाच मिनिटं धडपड कर. मग फक्त अडलेली ओळ बघ, पुस्तक पुन्हा मीट आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून लिही. दुसऱ्या दिवशी आकडे बदललेलं तसंच गणित कर.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते फेरपरीक्षेच्या तयारीत ही सर्वात कमी वापरली जाते: धडे मिसळून सोडवणं. वर्गसमीकरणाच्या सरावसंचातली वीस गणितं ओळीने सोडवताना पद्धत निवडावी लागत नाही, ती धड्याच्या नावातच दिलेली असते. परीक्षेत धड्याचं नाव नसतं. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका आकृतीची गणितं सलग केली, दुसऱ्याने चारही मिसळून. सरावाच्या वेळी सलग करणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर होती, मिसळून करणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली. सलगवाल्यांचे २० टक्के बरोबर, मिसळवाल्यांचे ६३. हे आकडे मी मुलांना फळ्यावर लिहून दाखवते, कारण मिसळून सराव करताना वाईट वाटतं. जास्त चुकतं, हळू होतं, आत्मविश्वास डळमळतो, आणि मुलं परत सलग सरावाकडे वळतात. तू वळू नकोस. एखादा भाग नव्याने शिकताना पहिले दोन दिवस तेवढाच कर. नंतर मात्र रोजच्या आठ गणितांत तो दोनदाच येऊ दे, बाकीची सहा जुन्या भागांतली. उत्तर काढण्याआधी प्रत्येक गणिताशेजारी एका वाक्यात लिही: 'इथे अमुक पद्धत, कारण तमुक दिलं आहे.' वेळ कमी असेल त्या दिवशी गणितं सोडवलीच नाहीस आणि फक्त ही वाक्यं लिहिलीस तरी चालेल.

चुकांची वेगळी वही कर. डाव्या पानावर चुकलेलं गणित जसंच्या तसं, उजव्या पानावर मी काय समजत होते आणि खरं काय आहे, हे आपल्या शब्दांत. नुसतं बरोबर उत्तर उतरवून काही होत नाही. तीन दिवसांनी ते गणित न बघता पुन्हा करायचं, मग दहा दिवसांनी, मग महिन्याने. तिन्ही वेळा बरोबर आलं की पान दुमडून टाकायचं. सोडवताना प्रत्येक उत्तराशेजारी खात्री किती आहे तेही लिही: पक्की, बरी, अंदाज. पक्की खात्री असून चुकलेली उत्तरं ही खाण समज. ब्रॅडी बटरफील्ड आणि जॅनेट मेटकाफ यांनी २००१ मध्ये सामान्यज्ञानाच्या प्रश्नांवर दाखवून दिलं की खात्रीने दिलेलं चुकीचं उत्तर कोणी लगेच दुरुस्त करून दिलं, तर ती दुरुस्ती अधिक चांगली लक्षात राहते. धक्का बसतो म्हणून लक्ष जातं. त्यामुळे उत्तरं त्याच दिवशी तपास, आठवड्याचा ढीग साठवू नकोस.

चार महिन्यांची वाटणी फार बारीक आखू नकोस. पहिला आठवडा फक्त उत्तरपत्रिकेचा हिशेब. पुढचे पाच-सहा आठवडे मुळातल्या जागा दुरुस्त करणं आणि दुसऱ्या ढिगातले भाग. मग मिसळलेला सराव, आणि शेवटच्या सहा आठवड्यांत दर आठवड्याला एक पूर्ण प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून, परीक्षेच्याच वेळी. प्रत्येक प्रश्नपत्रिकेनंतर पुन्हा चार ढीग. रोज तास-सव्वातास पुरे, पण रोज हवा. रविवारी सहा तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही.

शिकवणी लावायची का, हा घरचा प्रश्न तू शेवटी जोडला आहेस. पुन्हा पूर्ण अभ्यासक्रम शिकवणारा मोठा वर्ग तुझ्या उपयोगाचा नाही. तो म्हणजे पहिल्या धड्यापासूनचं पुस्तकच, फक्त दुसऱ्याच्या आवाजात. शाळेतल्या शिक्षकांकडे किंवा एखाद्या मोठ्या ताई-दादाकडे आठवड्यातून एक तास मिळाला तरी पुष्कळ, जर तू ढीग करून, अडलेली ओळ शोधून गेलीस तर. 'मला प्रमेयं येत नाहीत' असं सांगितलंस तर ते प्रमेय शिकवतील. 'या सिद्धतेत तिसऱ्या ओळीत हे दोन कोन समान का, ते मला दिसत नाही' असं सांगितलंस तर दहा मिनिटांत काम होईल.

भीतीबद्दल. तू लिहिलंस की प्रश्नपत्रिका हातात आली आणि डोकं रिकामं झालं. याला कमकुवत मन म्हणू नकोस. गणित करताना आपण काही गोष्टी क्षणभर मनात धरून ठेवतो: हातचे, मधली उत्तरं, पुढची पायरी. मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये दाखवलं की गणिताची धास्ती असलेल्यांची हीच जागा चिंतेने अडवली जाते, आणि मनात काही धरून ठेवावं लागणाऱ्या गणितांत ते जास्त अडतात. तेव्हा उपायही तसाच हवा: मनात कमी धरायचं, कागदावर जास्त उतरवायचं. पेपर सुरू होताच, लिहायची मुभा मिळाली की, विसरायची भीती असलेली सूत्रं कच्च्या कामाच्या जागी लिहून टाक. मधल्या पायऱ्या गाळू नकोस. पहिली दहा मिनिटं, स्वतःला नक्की येतात असेच प्रश्न घे, मग ते कितव्या क्रमांकाचे का असेनात. एखाद्या प्रश्नावर तीन-चार मिनिटांत हालचाल झाली नाही तर खूण करून पुढे जा. आणि घरी घड्याळ लावून सोडवलेल्या सहा प्रश्नपत्रिका हाच भीतीवरचा मला ठाऊक असलेला सर्वात चांगला उपाय आहे, कारण त्या दिवशीची परीक्षा मग सातवी असते.

आकडेमोडीच्या दोन बारीक गोष्टी, ज्यांत हकनाक गुण जातात. कॅल्क्युलेटरची परवानगी असेल तर ऋण संख्येचा वर्ग करताना कंस दे. −४ चा वर्ग १६ आहे, पण कंस न देता दाबलंस तर बरीच यंत्रं −१६ दाखवतात. आणि दशांश मधेच कापू नकोस, शेवटच्या ओळीतच पूर्णांकन कर.

आता तुझा तिसरा प्रश्न, पुन्हा तेवढेच पडले तर? घडू शकतं. वर ज्या मुलाचे ४६ होते, त्याला फेरपरीक्षेत ५० पडले, आणि त्याला हवे होते ५५. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. आम्ही पुन्हा चार ढीग केले. कोरे सोडलेले १९ होते ते ३ वर आले होते. कल्पनेच्या चुका १६ वरून १२. पण चिन्ह आणि आकडेमोड ११ ची २५ झाली होती आणि वाचनातली चूक ८ ची १०, कारण आता तो सगळे प्रश्न सोडवत होता आणि भरभर सोडवत होता. गुण चारच वाढले होते, पण उत्तरपत्रिका पूर्ण बदलली होती. पुढच्या वेळी त्याला नवीन काही शिकायचं नव्हतं. दोन महिने त्याने फक्त प्रत्येक पायरी लिहिणं, कंस नीट सोडवणं आणि उत्तर मूळ समीकरणात घालून तपासणं एवढंच केलं. तिसऱ्या खेपेला त्याला ६८ पडले. तेव्हा तुझा निकाल काहीही लागला तरी आकडा वाचून झाल्यावर उत्तरपत्रिकेची प्रत माग, आणि जुन्या ढिगांशेजारी नवे ढीग मांड. आताच्या ५२ गुणांचा हिशेब झाला की मला कळव. दुसऱ्या ढिगात काय काय आलं ते आधी लिही, आपण तिथूनच सुरुवात करू.